दुसरी किल्ली

नवा कायदा आल्यापासून कुलूपवाल्या मामांच्या हातांना विश्रांती अशी उरली नव्हती. पूर्वी मार खाणारी स्त्री लेकरू कडेवर घेऊन, एका पिशवीनिशी घराबाहेर पडत असे. आता मारणाऱ्याने घर सोडावे आणि त्याच दिवशी पोलिसांसमक्ष दाराचे कुलूप बदलावे, असा नियम झाला होता. त्या नियमासाठी वस्तीच्या समितीने वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. समितीच्या प्रमुख एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. सारी वस्ती त्यांना नुसते ‘बाई’ म्हणे. कुलपांचे काम त्यांनी मामांवर सोपवले, आणि मामांनी ते एखाद्या व्रतासारखे स्वीकारले.

पण व्रतालाही थकवा चुकत नाही. दार बदलले तरी दृश्य तेच असे. भिंतीला टेकलेली एक स्त्री, चौकटीवर जुन्या धक्क्यांच्या खुणा, आणि मामा गुडघ्यांवर बसून स्क्रू काढत आहेत. घरी परतल्यावर त्यांना जेवणही जड वाटे.

“अहो, कायदा झाला म्हणून माणसं सुधारतात थोडीच?” मामी म्हणत.

“सुधारत नसतील. पण बाहेर तर राहतात,” मामा म्हणत आणि पाठ टेकत.

मामांच्या वडिलांनी धंद्याचा एक दंडक घालून दिला होता: दुकानातून कुलूप गेले, की त्याची एक जास्तीची किल्ली आपल्या फळीवर टांगायची. लोक विसराळू, किल्ली हरवली की धावत यायचे ते आपल्याकडेच. त्या फळीवर साऱ्या वस्तीचा विश्वास लटकत असे, आणि मामांना तिचा अभिमान होता. “या फळीला माझ्यापेक्षा जास्त मान,” असे मामी गिऱ्हाइकांना हसत सांगत. नव्या नियमाने बसवलेल्या कुलपांच्या किल्ल्याही मामांनी हाताच्या सवयीने तिथेच टांगल्या. त्यात काही वावगे आहे, हे त्यांच्या ध्यानीमनी आले नाही.

एके दिवशी दुपारची वामकुक्षी आटोपून ते दुकानात आले, तेव्हा फळीवरचा एक खिळा मोकळा दिसला.

“इथली किल्ली?”

“शिवणकाम करते ना ती, तिच्या घरची. नवरा आला होता तिचा,” मामी म्हणाल्या. “आई आत अडकलीय म्हणाला. गयावया करत होता हो बिचारा.”

मामांनी चपलाही घातल्या नाहीत.

ते तिच्या इमारतीपाशी पोहोचले तेव्हा जिना माणसांनी भरलेला होता. समितीने वस्तीला एक शिस्त लावली होती. कुठून आरडाओरडा ऐकू आला, की प्रत्येकाने दार उघडून जिन्यात यायचे. भांडायचे नाही, हात उगारायचा नाही, केवळ उभे राहायचे आणि पाहायचे. त्या नजरांच्या रांगेतून तिचा नवरा मान खाली घालून उतरत होता. खाली पोलीस थांबला होता.

वर शिवणवाली उंबऱ्यावर बसली होती. मनगट सुजले होते. शेजारीण त्यावर ओले फडके धरून होती, आणि बाई जवळच उभ्या होत्या.

“दार मोडलं नाही त्यानं, मामा,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होते. “किल्लीनं उघडलं. मला वाटलं मीच उघडं ठेवलं की काय.”

“तू नाही ठेवलंस, पोरी. माझ्या दुकानातली किल्ली होती ती.”

जिन्यातली माणसे एकेक करून आपापल्या घरात गेली.

बाईंनी चष्मा पुसला. “त्या नियमाचा शब्द न् शब्द आम्ही तपासला होता. दुसऱ्या किल्लीचं मात्र एकालाही सुचलं नाही.”

“ते मला सुचायला हवं होतं.”

“हवं होतं,” बाई म्हणाल्या. त्या खोटे सांत्वन करणाऱ्यांतल्या नव्हत्या. “नियमात घालून घेऊ. पुन्हा अर्ज, पुन्हा खेटे. ते माझ्याकडे लागलं. बाकीच्या किल्ल्यांचं तुम्ही बघा.”

मामांनी शिवणवालीचे कुलूप तेव्हाच बदलले. सगळ्या किल्ल्या तिच्या ओंजळीत ठेवल्या. तिने मूठ मिटली, पण त्यांच्याकडे पाहिले नाही.

दुकानात मामी डोळे पुसत बसल्या होत्या. “चूक माझी झाली. ते नव्या नियमातलं कुलूप, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पण ऐका माझं. त्या सगळ्या किल्ल्या गुपचूप वितळवून टाका. कुणाला कळायचं नाही. आत्ता कुठं त्या बायका शांत झोपायला लागल्यात. कशाला त्यांच्या जिवाला घोर लावता?”

मामा फळीपुढे बराच वेळ उभे राहिले. भट्टी जवळच होती. सल्ला सोपा होता, आणि त्यात मायाही होती. परंतु इतके दिवस आपल्या दाराची एक किल्ली परक्या भिंतीवर होती, आणि ती कोणाकोणाच्या हाती लागली असेल, हे जाणण्याचा अधिकार ज्यांचे दार त्यांचाच होता.

“झोप त्यांची आहे गं. आपण कोण ठरवणार?”

त्यांनी त्या बायकांच्या घरांच्या किल्ल्या उतरवून पिशवीत घातल्या, नवी कुलपे आणि पेचकस घेतला, आणि ते निघाले.

पहिले दार एका परिचारिकेचे होते. कामावरून ती नुकतीच परतली होती.

“या मामा. कुलूप तर छान चाललंय.”

मामांनी तळहातावरची किल्ली पुढे केली आणि घडले ते सारे सांगितले. ती ऐकत राहिली. मग गळ्यातल्या दोरीला बांधलेली स्वतःची किल्ली काढून तिने दोन्ही एकमेकींवर ठेवून पाहिल्या. दाते दात्यांशी तंतोतंत जुळले.

“म्हणजे ही सुरुवातीपासून होती?”

“होती.”

ती दारातच खाली बसली. पायरीवर तिने त्यांच्यासाठी जागाही केली नाही.

“बदला मग,” ती म्हणाली. “मी इथंच बसते. बघते.”

मामांनी गुडघे टेकले आणि पहिला स्क्रू सैल केला. पिशवी अजून जड होती.