भाग एकशे बारा, दुबार नावे

मतदारसंघ

नकाशावर आमचा मतदारसंघ चहा सांडल्यासारखा दिसतो. वर कागदाची गिरणी आणि गिरणीभोवतीचं गाव, खाली शेतं, मधे सतरा किलोमीटरचा रस्ता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टायर, टाइल्स आणि सिमेंटच्या पाइपांची दुकानं. शहर म्हणावं तर रस्त्यात गुरं बसलेली असतात, खेडं म्हणावं तर लोक पार्किंगवरून भांडतात.

संसदेच्या पहिल्या चार निवडणुका इथून एका डॉक्टरांनी जिंकल्या. अर्धे मतदार त्यांच्या हातून जन्मले होते आणि उरलेल्या अर्ध्यांनी त्यांची सुई टोचून घेतली होती. पाचव्या वेळी गिरणीत संप झाला, डॉक्टर मालकाच्या घरी जेवताना दिसले आणि पडले. नंतर कळलं, मालकाला कावीळ होती आणि ते तपासायला गेले होते. तोवर निकाल लागून गेला होता.

मी

मी शाळेत भूगोल शिकवतो. बावीस वर्षं झाली, शाळा सुटल्यावर भाग एकशे बाराची मतदार यादीही सांभाळतो. भाग म्हणजे मतदारसंघाचा एक तुकडा, एका मतदान केंद्रापुरता. माझ्या तुकड्यात नऊशे चौऱ्याऐंशी माणसं आहेत. दारोदार जायचं, विचारायचं, नावापुढे 'राहतात' नाहीतर शेरा लिहायचा. मृत. स्थलांतरित. दुबार. आढळून आले नाही. पाचव्या शेऱ्याची गरज मला कधी पडली नाही.

नियम असा की सहा महिने कुणी घरी राहत नसेल तर ते स्थलांतरित. मी नियमाचा पक्का आहे. ट्रक ड्रायव्हरच्या दोन्ही मुलांची नावं मी वगळली तेव्हा तो फाटकात आडवा उभा राहिला.

"मास्तर, सुट्टीत येतात की हो पोरं!"

"सुट्टीत येतात त्यांना पाहुणे म्हणतात," मी म्हणालो आणि पुढच्या घरी गेलो.

घर क्रमांक ६१

माझं. मतदार दोन.

बायको आठ महिन्यांपूर्वी कालव्यापलीकडे तिच्या बहिणीकडे गेली. बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं, शिवणाचं दुकान बंद पडायला नको म्हणून. तीन महिन्यांत गुडघा बरा झाला. बायको आली नाही. भांडण झालेलं नाही. फोनवर ती विचारते जेवलात का, मी म्हणतो हो. आधी रोज विचारायची, मग एक दिवसाआड, आता रविवारी.

यंदाच्या पडताळणीत मी स्वतःच्या घराचं पान ओट्याशी उभं राहूनच भरलं. दोन्ही नावांपुढे लिहिलं: राहतात.

मतदारसंघ, पुढे चालू

पंधराव्या निवडणुकीआधी हद्दी बदलल्या. कुठल्यातरी कचेरीत कुणीतरी नकाशा पुढ्यात घेतला. त्यावर कालव्याची निळी रेघ आधीच होती, त्याने तीच गिरवली. कालव्यापलीकडची एकतीस गावं दुसऱ्या मतदारसंघात गेली. इकडे एक कंत्राटदार निवडून यायला लागला. तिकडे एकजण येतो त्याला सगळे हसरा म्हणतात, कारण पोस्टरवर तो बत्तीस दात दाखवतो आणि संसदेत तोंड उघडत नाही.

माझं लग्न झालं तेव्हा आम्ही दोघं एकाच मतदारसंघातले होतो.

मंगळवार

निवडणूक कचेरीत दुबार नावांचा गठ्ठा आला. संगणक चेहरे जुळवतो आणि एकच माणूस दोन याद्यांत सापडलं की कागद काढतो. मशीन चुकतंही. गेल्या खेपेला आमच्या न्हाव्याचा चेहरा त्याने भलत्याच गावच्या एका बाईशी जुळवला होता. न्हावी महिनाभर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत होता, ती दिसायला कशी आहे म्हणून.

"मास्तर, तुमच्या भागात एकच निघालं," साहेब म्हणाले. "बघा, ओळखीचं आहे का."

कागदावर दोन फोटो होते.

डावीकडे: घर क्रमांक ६१. माझं आडनाव. पतीचे नाव, माझं. वय अठ्ठेचाळीस.

उजवीकडे: कालव्यापलीकडचा मतदारसंघ, भाग सात. नोंद चार आठवड्यांपूर्वीची. आडनाव वेगळं. पतीच्या नावाच्या जागी वडिलांचे नाव. वय शेहेचाळीस.

डावीकडच्या फोटोत ती चोवीस वर्षांची होती आणि फोटोवाल्याकडे रागाने बघत होती. उजवीकडे तिला चष्मा होता. चष्मा लागल्याचं मला माहीत नव्हतं.

साहेबांनी मान वाकडी करून पाहिलं. त्यांना माझी बायको चेहऱ्याने माहीत नाही. मला ते मास्तर म्हणूनच ओळखतात; पतीच्या नावाकडे आणि घर क्रमांकाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "आडनाव वेगळं, वय वेगळं, बाप-नवरा वेगळं. मशीन झोपेत आहे. 'भिन्न व्यक्ती' लिहा, संपवून टाका."

तेवढं लिहिलं असतं तर काहीच झालं नसतं. दोन्ही नावं राहिली असती. घरात दोन मतदार राहिले असते.

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

वयाबद्दल

लग्न झालं त्याच वर्षी मला यादीचं काम मिळालं. पहिला फॉर्म मी हिचा भरला, मोठ्या हौसेने. जन्मतारीख विचारायचं लक्षात आलं नाही. यादीवाले बरेचदा तसंच करतात. दारात उभ्या माणसाकडे बघायचं आणि अंदाजे वय टाकायचं. मला ती सव्वीसची वाटली. होती चोवीसची. तेव्हापासून दर यादीत ती दोन वर्षं मोठी आहे. मला हे नंतर कळलं, पण दुरुस्तीचा फॉर्म वेगळा असतो, आणि माझ्यापुढे नेहमीच दुसऱ्या लोकांचे फॉर्म होते.

बुधवार, कालव्यापलीकडे

दुकान म्हणजे रस्त्याकडची एक खोली. दोन मशीनं, एक आरसा, दोरीवर शाळेचे बिनबाह्यांचे शर्ट. मेव्हणी दारातच कात्री घेऊन बसली होती.

"या दाजी. कामानं आलात की सहज?"

"कामानं."

"बरं झालं. सहज आला असतात तर चहा करावा लागला असता."

बायको मशीनवर होती. कॉलर लावत होती. तिने ती पुरी केली, दोरा तोडला, मग वर पाहिलं. चष्मा तिला बरा दिसत होता.

"अहो, उन्हाचे कशाला आलात? पाणी घ्या आधी."

पाणी प्यालो. कागद काढला. दुसरं काय काढावं ते सुचलं नाही.

"हा फॉर्म तू भरलास?"

"मीच."

"ताईंनी नाही भरला?"

"मी फोटो काढला फक्त," मेव्हणी दारातून म्हणाली. "तीन काढले. पहिल्या दोन्हींत ही रडकी आली, तिसरा पास झाला."

"वय—"

"खरंय ते," बायको म्हणाली. "तुम्ही विचारलं नव्हतंत ना तेव्हा. मी म्हटलं असू दे. दोन वर्षं आधी म्हातारी होईन, मतदानाला ज्येष्ठांच्या रांगेत उभी राहीन." ती थोडी हसली. मीही हसलो असेन.

मी नियम सांगितला. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. खाली दोन चौकोन आहेत, जिथलं ठेवायचं तिथे खूण, त्याखाली सही. हे मी नऊशे चौऱ्याऐंशी माणसांना सांगतो त्याच आवाजात सांगितलं. मला तो आवाज ऐकू येत होता.

तिने पेन हातात घेतलं, पण टेकवलं नाही.

"तुम्हाला काय वाटतं?"

"त्याला यात रकाना नाही."

"मग मागच्या बाजूला लिहा."

मी कागद उलटला. मागची बाजू पूर्ण कोरी होती. मेव्हणीची कात्री थांबली होती. रस्त्यावरून हसऱ्याच्या प्रचाराची गाडी गेली, भोंग्यावर तो विकास विकास म्हणत होता, ती जाईपर्यंत कुणालाच बोलता आलं नसतं. मग ती गेली. मी कागदाकडे बघत राहिलो. काहीतरी वाटायला हवं होतं आणि मी ते येण्याची वाट बघत होतो, बसची बघतो तसं. मी कागद पुन्हा सुलटा केला आणि तिच्यापुढे सरकवला.

तिने उजव्या चौकोनात खूण केली. सही केली, लग्नाआधीच्या आडनावाने, न अडखळता. तिला सराव झाला होता.

"पोच द्यायची असते ना?" तिने विचारलं.

पोच फाडून दिली. तिने ती मशीनच्या खणात, बॉबिनांच्या डबीखाली ठेवली.

"जेवून जाता?"

"बस आहे पाचची."

"मग निघा. चुकेल."

गुरुवार

साहेबांनी कागद पाहिला, मग पत्ता पाहिला, मग मला पाहिलं. खुर्चीत जरा मागे सरले.

"मास्तर. मला काय माहीत."

"हरकत नाही."

"तसं नाही, पण... अडचण आहे एक." ते कागदाशीच बोलत होते. "मतदार इथे राहत नाही, याला घरातल्या माणसाची सही लागते. ती तुमची. पडताळणी अधिकाऱ्याची सही, तीही तुमची. दोन्हीकडे एकच माणूस चालत नाही. शेजाऱ्याची आणा."

संध्याकाळ, घर क्रमांक ६२

शेजारच्या काकू निवृत्त नर्स आहेत. त्यांच्या घरात चार मतं आहेत आणि ती चार दिशांना जातात, असं त्या स्वतःच सांगतात. फाटकापाशी पाइप धरून पायरी धूत होत्या. मी कागद पुढे केला. त्यांनी पाइप पायाखाली दाबला, पदराला हात पुसले, माझंच पेन घेतलं आणि फाटकाच्या खांबावर कागद टेकवून सही केली.

"वाचा तरी, काकू."

"काय वाचायचंय? ती इथं राहत नाही, हेच ना?"

"हो."

"मग." त्यांनी कागद परत दिला. "मास्तर, मी दोन महिने वाट बघतेय. म्हटलं आज येतील सहीला, उद्या येतील. शेवटी आमचे हे म्हणाले, तू जा आणि देऊन ये."

"काम जास्त होतं," मी म्हणालो.

"असेल." त्यांनी पाइपवरचा पाय काढला. पाणी पुन्हा पायरीवरून वाहायला लागलं. "भाजी पाठवते. डबा परत करायची घाई नाही."

काकूंच्या सहीशेजारी ओल्या बोटाचा ठसा उठला होता. मी तो फुंकून वाळवला. मग घर क्रमांक एकसष्टचं पान काढलं, खाली तिच्या नावापुढचं 'राहतात' खोडलं आणि वर 'स्थलांतरित' लिहिलं. बाजूला आद्याक्षरं आणि तारीख टाकली, खाडाखोड केली की टाकावी लागतात. एकूण मतदार: एक. आलोच होतो म्हणून काकूंना विचारलं, तुमच्याकडे यंदा काही बदल?

"काही नाही," त्या म्हणाल्या. "आहोत सगळे."

मी तसं लिहून घेतलं.