शिशाच्या पिशवीतलं पत्र

मेहिटबलने कॉड माशाचं मुंडकं एका घावात उडवलं आणि मान वर केली, तर मागच्या दारात फ्रान्सला ये-जा करणाऱ्या जहाजावरचा ओबेद पिल्सबरी टोपी छातीशी धरून उभा.

"टोपी घाल डोक्यावर," ती म्हणाली. "माझ्या घरात कुणी मेलेलं नाही. की मेलंय?"

"नाही, बाई. थर्लोसाहेब ठणठणीत आहेत. सात आठवड्यांपूर्वी फ्रान्सला, नांतच्या धक्क्यावर मीच त्यांचा निरोप घेतला."

मेहिटबलने सुरी फळीवर ठेवली. ती हळू ठेवायला गेली, तरी आवाज झालाच.

तिचा नवरा एलिफलेट थर्लो सहा महिन्यांत येतो म्हणून फ्रान्सला गेला, त्याला आता तीन वर्षं होऊन गेली होती. तिथे बसून तो इंग्लंडच्या राजाशी लढणाऱ्या अमेरिकी काँग्रेससाठी दारूगोळा, जोडे, कापड विकत घ्यायचा आणि जहाजात भरून पाठवायचा. पॅरिसमध्ये बसलेल्या आपल्या देशाच्या वकिलांची पत्रंही त्याच्याच हातून जहाजावर चढत. न्यूबरीपोर्टच्या चर्चमध्ये लोक म्हणत, थर्लोबाई, तुमच्या यजमानांनी देशासाठी केवढं केलं. ती मान ताठ ठेवून ऐकून घ्यायची. घरी येऊन त्याची खुर्ची पुसायची.

तो पत्रं पाठवायचा, नाही असं नाही. पण समुद्रात इंग्रजांची जहाजं टपलेली, म्हणून एकेका पत्राच्या चार चार प्रती कारकून काढायचा आणि त्या चार जहाजांनी निघायच्या. मार्चमध्ये आलेलं पत्र जूनमध्ये पुन्हा यायचं, सप्टेंबरमध्ये पुन्हा. सून केझाया मोठ्याने वाचायची: प्रकृती उत्तम, कामाचा व्याप फार, सर्वांस आशीर्वाद. मेहिटबलला बायबलची छापील अक्षरं वाचता यायची. हातची वळणदार अक्षरं म्हणजे तिला गोगलगायीचा माग. तिच्या लहानपणी मुलींना वाचायला शिकवत. लिहायला कोण शिकवतो!

तरी या वसंतात तिने स्वतः लिहिलं. कोठीघराला आतून कडी लावून, बायबल पिंपावर उघडं ठेवून, एकेक छापील अक्षर बघून बघून काढलं. दोन ओळींना चार दिवस लागले. "तीन वर्षं झाली. घरी येता की नाही ते लिहा." जिने शेजारणीकडे कधी चिमूटभर मीठ मागितलं नाही, तिने हे मागितलं. आणि गुपचूप ओबेदच्या हाती दिलं.

आता तिने हात पुढे केला. हाताला माशाचे खवले चिकटले होते.

"आण उत्तर."

ओबेद त्या हाताकडे बघत राहिला. "बुडालं, बाई."

"जहाज तर धक्क्याला उभं आहे तुझं. मग पत्र तेवढं कसं बुडालं?"

"मीच बुडवलं. सरकारी पत्रं आम्ही जाड कापडाच्या पिशवीत ठेवतो, तळाशी शिसं घालून. शत्रू अंगावर आला की पिशवी पाण्यात टाकायची, असा हुकूमच आहे. तुमचं पत्र त्यातच होतं."

"आणि शत्रू आला होता?"

"इंग्लंडचं निशाण होतं त्याच्यावर. मैलभर अंतरावर आला, तेव्हा टाकली पिशवी."

"मग?"

ओबेदने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मग त्याने ते निशाण उतरवलं आणि आपलं चढवलं. आपल्याच शेजारच्या सेलम बंदराची माणसं निघाली."

"सेलमच्या माणसांनी इंग्लंडचं निशाण कशाला लावलं होतं?"

"आम्हाला इंग्रज समजून फसवायला."

"तुला इंग्रज का समजले ते?"

"आमच्याही डोलकाठीवर… इंग्लंडचंच होतं."

चुलीपाशी केझायाने तोंडाला ॲप्रनचं टोक लावलं. मेहिटबल हसली नाही.

"म्हणजे सेलमच्या खुळ्याने न्यूबरीपोर्टच्या खुळ्याला घाबरवलं. राजाला आपल्याशी लढायची गरजच नाही रे. तुमचे तुम्हीच एकमेकांना संपवाल."

"आई, जाऊ दे ना," केझाया म्हणाली. "मागून बाकीच्या तीन प्रती येतीलच की. बाबांचं नेहमीचंच पत्र असेल."

"याला प्रती नाहीत," ओबेद म्हणाला. "साहेबांनी हे कारकुनाला दाखवलंच नाही. पिशवीत ठेव, हेही त्यांनीच बजावलं. मागे बोस्टनच्या एका व्यापाऱ्याच्या बायकोचं पत्र इंग्रजांच्या हाती लागलं. न्यूयॉर्क त्यांच्याच ताब्यात, तिथल्या वर्तमानपत्राने ते छापलं, आणि दारूच्या गुत्त्यांत लोक मोठ्याने वाचून हसले. साहेब म्हणाले, माझ्या बायकोचं नाव त्या तोंडांत नको. त्यापेक्षा बुडालेलं बरं."

केझाया सासूकडे बघायला लागली. कुठलं पत्र, कसलं पत्र, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. सासूचा चेहरा बघून तिने ते गिळलं.

"जाड होतं?" मेहिटबलने विचारलं.

ओबेदने दोन बोटं एकावर एक ठेवून दाखवली. "एवढं. लाखेचा ठसा धरत नव्हता."

मेहिटबलने फडकं उचललं आणि फळी पुसायला घेतली. नवरा तिला पुरता पाठ होता. एलिफलेट 'हो' म्हणायचा तेव्हा एका शब्दात म्हणायचा. लग्नाचंही त्याने कुंपणापलीकडून एका वाक्यात उरकलं होतं. 'नाही' म्हणायचं असलं की मात्र कारणं निघायची. पहिलं कारण, दुसरं कारण, वाऱ्याची दिशा, देशाची स्थिती. येतो म्हणायला कुणाला जाड पत्र लागत नाही.

फळी पुसून झाली, तरी ती पुसतच राहिली.

"बस," ती म्हणाली. "समुद्रावरून आलायस. केझाया, याला लापशी दे. काकवी घाल वर. एवढं पाप करून आलाय, भूक लागली असेल."

ओबेद बसला. दोन चमचे पोटात गेल्यावर त्याची जीभ सैल झाली.

"लिहिताना मी बघत होतो त्यांना, बाई. सहा पानं झाली, आणि एका पानावर मोजून तीन ओळी. छापल्यासारखं एकेक अक्षर सुटं सुटं, केवढालं तरी काढत होते. ओठ दातांत धरून. मी म्हटलं, साहेब, या वयात शाळेत नाव घातलंत की काय?"

"काय म्हणाले?"

"हसले नाहीत. म्हणाले, तिला हे दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायला लागू नये."

मेहिटबल माशाकडे वळली. साफ केलेला मासा तिने पुन्हा पाण्यात घातला, पोटातून बोट फिरवलं, पाणी बदललं, पुन्हा घातला. ओबेदचा वाडगा रिकामा झाला, तेव्हा कुठे तिने मान वर केली.

"परत कधी निघतोस?"

"पुढच्या आठवड्यात. वारा असला तर."

"केझाया, दौत आण."

केझायाने दौत आणली, कागद आणला आणि सवयीने बाकावर बसून लेखणीचं पीस बुडवलं.

"ऊठ तिथून."

मेहिटबलने हात धुतले, पुसले आणि सुनेच्या देखत, ओबेदच्या देखत लिहायला बसली. या वेळी बायबल काढलं नाही. एक अक्षर उलटं आलं, ते खोडून पुन्हा काढलं. पीस मोडलं, तेव्हा केझायाने दुसरं पुढे केलं. बाहेर उन्हाने अंगण सोडलं, तेव्हा कागदावर तीन ओळी झाल्या होत्या. पत्र बुडालं. पुन्हा लिहा. मला करमत नाही.

केझायाने ती शेवटची ओळ वाचली आणि चुलीकडे तोंड फिरवलं.

ओबेदने घडी हातात घेतली. "पिशवीत सगळ्यात आत ठेवतो, बाई."

"पिशवीत नाही. कोटाच्या खिशात ठेव."

"इंग्रजांनी धरलं तर सापडेल. वाचतील. छापतील बाई, नावासकट!"

"छापू देत. अक्षरं छापायला सोपी काढलीत," मेहिटबल म्हणाली. "त्यांचा राजा वाचणार असेल तर त्यालाही वाचू दे. वाचून झालं की पुढे नांतला पाठव म्हणावं."