जड फिरणारं बेअरिंग

ऑडेटने बारा वर्षं डूख धरला होता आणि तिला त्याची तिळमात्र लाज नव्हती. गावातली माणसं म्हणायची, आता तरी सोड बाई. ती म्हणायची, तुमचं नाव मातीत गेलं असतं तर तुम्ही सोडलं असतं का?

झालं होतं असं. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या त्या गावात हिवाळ्याचे रविवार म्हणजे चिखलातल्या सायकल शर्यती. तेव्हा क्लबची सगळी चाकं ऑडेटच बांधायची. एका भिजक्या शर्यतीत शेवटच्या फेरीला क्लबच्या फर्मिनचं मागचं चाक हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, अडकलं आणि हातातली शर्यत गेली. अडकणार नाही तर काय? हा गडी सायकल धुताना प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट हबवर मारायचा. नको मारूस म्हणून तिने दहादा बजावलं होतं. पण नाचता येईना अंगण वाकडं! कॅफेत सगळ्यांसमोर तो म्हणाला, "बाईने बेअरिंगमध्ये ग्रीसच भरलं नव्हतं." क्लबने चाकं काढून घेतली. तेव्हापासून तिच्या दुकानात शाळकरी मुलींच्या सायकली आणि पाद्रीबाबांचं पंक्चर, एवढंच यायचं.

आणि या ऑक्टोबरात फर्मिन त्याच दुकानाचं दार ढकलून आत आला. शेजारगावचा त्याचा मेकॅनिक पाठदुखीने आडवा झाला होता आणि पंचावन्नाव्या वर्षी फर्मिनला पन्नाशीपुढच्यांचं जिल्ह्याचं अजिंक्यपद हवं होतं. त्याने शर्यतीच्या आपल्या दोन्ही सायकलींची मागची चाकं टेबलावर आदळली.

"दोन्हींची बेअरिंगं बदलायचीत. चिखलाच्या शर्यती आहेत, चांगली दे."

कोपऱ्यात क्लबचा जुना सेक्रेटरी सिरील कॉफी पीत बसला होता. वय ऐंशी, पण कान शाबूत. ऑडेटने त्याच्यापर्यंत पोचेल अशा आवाजात सुरुवात केली.

"हे सिरॅमिकच्या छऱ्यांचं. आत पातळ तेल, सील नावापुरतं. उन्हाळ्यात झकास. आणि हे साधं स्टीलचं. दोन्ही बाजूंना घट्ट रबरी सील, आत ग्रीस ठासलेलं. पावसात हेच."

फर्मिनने दोन्ही बोटावर घालून फिरवली. पहिलं भिंगरीसारखं फिरत राहिलं. दुसरं अर्ध्या फेऱ्यातच थांबलं.

"हे तर जाम आहे!"

"जाम नाही, जड आहे. सील घासतं म्हणूनच पाणी आत जात नाही. वर तुझं धूड बसल्यावर तो फरक तुला कळणारसुद्धा नाही. आणि कुठलंही घे, हबवर फवारा मारू नकोस."

चोराच्या मनात चांदणं. फर्मिन डोळे बारीक करून हसला. "बारा वर्षांनी डाव साधतेस होय? मला मागे पाडायचंय तुला."

"शपथेवर सांगते फर्मिन, जड घे."

"शपथ घेतेस म्हणजे नक्की काहीतरी काळंबेरं आहे. मोकळं बसव."

"सिरील, ऐकलंत ना?"

"ऐकलं बाई," सिरील म्हणाला.

आता खरं सांगायचं तर ती अगदी साधीभोळी वागली असं नाही. ती खरंच बोलली, पण आपण जितका आग्रह करू तितका हा उलटा जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर तिने शपथ घेतली. बेअरिंग बसवताना मात्र तिने तसूभर कुचराई केली नाही.

पुढचे सगळे रविवार ती शर्यतीतल्या सायकली धुण्याच्या जागेपाशी दोरीला टेकून उभी राहिली. हातात मेयोनीज घातलेले बटाट्याचे तळलेले काप, कान चाकावर. फर्मिनचा मेव्हणा फवारा धरून हबवर तुटून पडायचा. तिने एकदा सांगितलं होतं, दुसऱ्यांदा सांगायला ती काय त्याची आई होती? तिसऱ्या रविवारी तिला बारीक करकर ऐकू आली. डिसेंबरात दुसऱ्या सायकलचं चाक डगडगू लागलं. नाताळनंतर पहिल्या सायकलच्या चाकातूनही जात्यासारखी घरघर यायला लागली. बटाटे इतके चविष्ट तिला कधीच लागले नव्हते.

जानेवारीतल्या शेवटच्या, अजिंक्यपदाच्या शर्यतीत पाऊस कोसळत होता. फर्मिन अर्ध्या मिनिटाने पुढे होता. शेवटच्या फेरीत, बिटाच्या शेतामागे, सायकल बदलायच्या जागेपासून सगळ्यात लांब, चाक अडकलं ते अडकलंच. तो सायकल खांद्यावर टाकून धावला. नऊ जण त्याच्या पुढे गेले.

कॅफेत शिरताच त्याने तोंड उघडलं. "या बाईच्या बेअरिंगनी—"

"मी तिथेच होतो," सिरील म्हणाला. "तिने जड दिलं, तू मोकळं मागितलंस."

फर्मिन बिअर तशीच टाकून निघून गेला.

सोमवारी सकाळी ऑडेटच्या दुकानात क्लबची सात माणसं आपापली चाकं घेऊन उभी होती. आठवा फर्मिन. कोपऱ्यात सिरील नेहमीसारखा कॉफी पीत होता. तिने त्याच्यासमोर दोन नवी बेअरिंगं ठेवली.

"यातलं एक वर्षभर टिकेल, दुसरं दोन पावसांत जाईल. ओळख. हाताला कळतं ना तुझ्या?"

त्याने दोन्ही फिरवली. दोन्ही अर्ध्या फेऱ्यात थांबली. पुन्हा फिरवली.

"कळत नाही," तो पुटपुटला. "तू सांगशील ते बसव."

"बसवते. पण आधी बारा वर्षांपूर्वीचं सांग. ग्रीस नव्हतं म्हणालास."

मागची सात माणसं हलली नाहीत. फर्मिनने बेअरिंगं टेबलावर ठेवली.

"होतं. फवारा मीच मारला होता."

"सिरील, ऐकलंत ना?"

सिरीलने कॉफीचा कप सावकाश खाली ठेवला आणि कानामागे हात धरला.

"नाही बाई. या वयात हल्ली कमी ऐकू येतं. जरा मोठ्याने म्हणायला सांग."

फर्मिनने मोठ्याने सांगितलं. ऑडेटने त्याची चाकं उचलली आणि सात जणांच्या चाकांमागे, शेवटी टेकवून ठेवली.