औषध लागू पडलं नाही

विद्यापीठाच्या वार्षिक संशोधन अहवालाचं काम दरवर्षी फिरून फिरून डॉक्टरबाईंच्याच गळ्यात पडायचं. कुणाची चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून विभागात त्यांना पाठीमागे ‘काटा’ म्हणत. तराजूचा काटा की पायात मोडणारा, हे ज्याच्या त्याच्या अनुभवावर. वर्षभरात कुणाचे किती पेपर छापून आले, कोणत्या जर्नलमध्ये, हे सगळं जमवून त्या विभागप्रमुखांपुढे ठेवायच्या. मग सर भाजीची जुडी निवडावी तसे एकेक नाव बोटानं चाळत आणि आकडा गेल्या वर्षीपेक्षा वर गेला की मान डोलवत.

त्या दुपारी बाई याच कामात बुडालेल्या असताना शिपायानं सांगितलं, “एक बाई आल्यात. तुमच्याकडे पूर्वी यायचे त्या पेशंटच्या घरच्या.”

दारात वहिनी उभ्या होत्या. बाईंनी त्यांना लगेच ओळखलं.

काही वर्षांपूर्वी स्नायू झिजत जाणाऱ्या एका आजारावर नव्या औषधाची चाचणी याच विभागात झाली होती. आजार घराण्यातून पुढे उतरणारा. निम्म्या पेशंटना औषध, निम्म्यांना दिसायला तशीच साधी गोळी, आणि कुणाला काय मिळतंय हे शेवटपर्यंत कुणालाच ठाऊक नसायचं. वहिनी शिवणकाम करायच्या. त्यांच्या नवऱ्याचे पाय गेले होते, पण तपासणीची एकही तारीख त्यानं चुकवली नाही. त्याचा धाकटा भाऊ, धिप्पाड गडी, त्याला पाठकुळी घेऊन जिना चढायचा. वहिनी दिराला ‘भाऊजी’ म्हणत, म्हणून नर्सपासून सरांपर्यंत सगळ्यांचाच तो भाऊजी झाला आणि त्या सगळ्यांच्या वहिनी. “लिफ्टपेक्षा मी बरा, मधेच बंद पडत नाही,” असं म्हणून तो सगळ्यांना हसवायचा. चाचणी संपायच्या आधीच वहिनींचा नवरा गेला.

“या, बसा. कसं येणं केलंत?” बाई म्हणाल्या.

वहिनी खुर्चीच्या कडेवर टेकल्या. “भाऊजींना पण तेच निघालं.”

बाईंनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. पाठकुळी माणूस घेऊन चढणारे ते पाय त्यांच्या डोळ्यांसमोर आले.

“दुसऱ्या शहरात एका मोठ्या दवाखान्यात चाचणी चालू आहे, तिथे जातात ते. औषधाचं नाव सांगितलं, तर मला ओळखीचं वाटलं. आमच्या यांचंच होतं ना ते? मी भाऊजींना म्हटलं, यांना कुठे गुण आला? तर ते मलाच म्हणतात, वहिनी, औषधात दम नसता तर एवढी शिकलेली माणसं पुन्हा कशाला देतील? मलाही ते पटलं. तरी म्हटलं, तुम्हाला एकदा विचारावं.”

औषध लागू पडलं नव्हतं. नुसतं तेवढंच असतं तरी निभावलं असतं, पण ज्यांना ते मिळालं त्यांची गिळायची ताकद इतरांपेक्षा लवकर गेली होती. बाईंनी तसा पेपर लिहिला होता. दोन जर्नलांनी ‘नवीन काही नाही’ म्हणून तो परत केला. सर म्हणाले होते, “आपल्याला काय जमलं नाही, याचं प्रदर्शन कशाला मांडायचं? पुढच्या कामाला लागा.” बाई भांडल्या, सरांशी महिनाभर अबोला धरला. मग आईचं आजारपण आलं, नवा प्रकल्प आला, आणि पेपर कॉम्प्युटरमध्ये पडून राहिला.

“घेऊ नका म्हणावं,” बाई म्हणाल्या. “आजच बंद करा.”

“म्हणजे हे तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“यांना औषध होतं, की ती साधी गोळी?”

“औषध होतं.”

वहिनींनी पदर सारखा केला. रडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. “शेवटी शेवटी पाणीसुद्धा उतरत नव्हतं हो,” एवढंच म्हणाल्या आणि उठल्या.

बाई तशाच सरांच्या खोलीत गेल्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. “तुम्ही फोनबिन करू नका. विद्यापीठातर्फे रीतसर पत्र जाऊ द्या. मंजुरीला जरा वेळ लागेल.”

“तोवर ती माणसं गोळ्या गिळत राहतील, सर.”

“उद्या औषध बनवणाऱ्या कंपनीनं आपल्याला कोर्टात खेचलं तर?”

“मग माझं नाव सांगा,” म्हणून बाई बाहेर पडल्या आणि आपल्या खोलीतून त्यांनी त्या दवाखान्यात फोन लावला. तिकडची डॉक्टर वयानं लहान असावी. आधी तिचा विश्वासच बसेना.

“पण मॅडम, सुरू करण्याआधी आम्ही सगळं धुंडाळलं होतं. कुठेच काही सापडलं नाही.”

“नव्हतंच कुठे. आम्ही छापलं नाही.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, “आमच्याकडेही काहीजणांना ठसका लागायला लागलाय. आम्हाला वाटलं, आजारच पुढे सरकतोय.”

ती चाचणी थांबली. भाऊजीला खरं औषधच मिळत होतं, हे नंतर कळलं. त्याचा फोन आला तेव्हा त्याची जीभ जड झाली होती. एकेक शब्द ओढून काढावा तसा तो बोलत होता.

“बाई, मी दादाला पाठीवर आणायचो, तेव्हा तुम्ही काय म्हणायचात? याचा पुढच्यांना उपयोग होईल. आठवतं?”

“आठवतं.”

“मी पुढचाच होतो ना?”

फोन बंद झाल्यावर बाईंनी कॉम्प्युटरमध्ये पडून राहिलेला तो पेपर उघडला.

चाचणी बंद पडल्याचा बोभाटा झाला आणि त्याच जुन्या पेपरला एकदम भाव आला. एका नावाजलेल्या जर्नलनं तो तातडीनं छापला. सरांनी आपलं नाव पहिलं घातलं, बाईंचं दुसरं. बाईंनी वाद घातला नाही. विद्यापीठानं सभागृहात छोटा सत्कार ठेवला. कुलगुरू म्हणाले, अपयशसुद्धा मोकळेपणानं सांगायचं धैर्य आपल्या संस्थेत आहे. टाळ्या पडल्या. बाईंनी गुच्छ घेतला आणि जाता जाता जिन्याच्या कठड्यावर ठेवून दिला. त्या वर्षीच्या अहवालात तो पेपर सगळ्यात वर होता.

छापील प्रत घेऊन त्या वहिनींच्या घरी गेल्या. दोन खोल्यांचं घर. खिडकीशी शिलाई मशीन, त्यावर कुणाचा तरी अर्धवट शिवलेला झगा, आणि भिंतीला लागून भाऊजीची खाट. अंगाचा नुसता सापळा राहिला होता. वहिनींची मुलगी नुकतीच नोकरीला लागली होती. तिनं एकेक वाक्य सोपं करून काकाला सांगितलं.

“यात दादा कुठाय?” भाऊजीनं विचारलं.

बाईंनी तक्त्यातला एक आकडा दाखवला. त्यापुढे ‘अभ्यासातून गळालेले’ असं लिहिलं होतं. मुलीनं ते वाचून दाखवलं.

भाऊजीच्या तोंडाचा एक कोपरा हलला. “गळाला? छे. मी जिना चढताना केवढं घट्ट धरायचा मला. मान अवघडायची माझी.”

वहिनी तोंड फिरवून मशीनपाशी गेल्या आणि झग्याची शिवण उसवायला लागल्या. चांगली शिवण होती ती.

निघताना मुलगी बाईंना पोचवायला खाली रस्त्यापर्यंत आली. मोठी गाडी जाईपर्यंत दोघी कडेला थांबल्या. मग तिनं विचारलं, “रक्ताच्या तपासणीवरून मला आधीच कळू शकतं ना?”

“कळू शकतं.”

“आणि निघालं, तर तुमच्याकडे द्यायला काही आहे?”

बाईंना आयुष्यभर खरं तेच सांगायची सवय होती. “आत्ता तरी काही नाही,” त्या म्हणाल्या.

मुलीनं मान हलवली. “मग राहू दे सध्या,” ती म्हणाली. “काकांच्या ठसक्याच्या औषधाची वेळ झाली.” आणि पायऱ्या चढून वर निघून गेली.