धुरांड्यांमधलं अंतर

मोतीबिंदूची पट्टी निघाली, त्याच्या तिसऱ्या दिवशी दादा मला म्हणाला, "ठिणगे, मला दोन जहाजं करून दे."

आता साठीच्या बाईला कुणी ठिणगी म्हणतं का? पण हा म्हणतो आणि मी ऐकून घेते. माझ्या रागाला हे नाव त्यानेच दिलंय, मी पाच वर्षांची असताना. वहिनी गेली तेव्हा मीच त्याला माझ्या घरी घेऊन आले. मी तीस वर्षं खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठ्याचे नमुने कापले. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, म्हणून कागदी जहाजांच्या नादी लागले. जाड कागद कापायचा, घड्या घालायच्या, चिकटवायचं. कपाटावर आता अख्खं आरमार उभं आहे. दादा तरुणपणी खऱ्या आरमारात होता, युद्धनौकेवर टेहळणीला. पण माझ्या जहाजांकडे त्याने कधी ढुंकून बघितलं नव्हतं. त्यामुळे मला तर आनंदच झाला.

"कुठली करू? तू म्हणशील ती करते."

"एक ससाणा वर्गाची. आणि एक जुळी."

माझा आनंद तिथेच विरला. त्याला काय हवंय ते मला लगेच कळलं.

एकाच आराखड्यावरून बांधलेल्या जहाजांचा एक वर्ग धरतात. त्यातल्या पहिल्या जहाजाचं जे नाव, तेच सगळ्या वर्गाचं. आमच्याकडे ससाणा वर्गाच्या चार विनाशिका होत्या. ज्या गोदीने त्या बांधल्या, तिनेच जरासा फेरफार करून तशाच तीन आमच्या शत्रूला विकल्या. धंद्याला कसलं आलंय शत्रू-मित्र! त्या दुसऱ्या वर्गाचं नाव आमच्या खलाशांच्या जिभेला वळायचं नाही, म्हणून ते तिला नुसतं जुळी म्हणायचे. तोच सांगाडा, त्याच तोफा, तीच डोलकाठी. फरक एकच. ससाण्याच्या दोन धुरांड्यांमध्ये अठरा मीटर अंतर, जुळीच्या चौदा.

युद्धात एका पहाटे आठ किलोमीटरवर एक जहाज दिसलं. वायरलेस बंद ठेवायचा हुकूम होता. कप्तानाने विचारलं, कोण आहे? दादा एकवीस वर्षांचा. त्याने दुर्बीण लावली आणि म्हणाला, जुळी. तोफा सुटल्या. ती जुळी नव्हती, आपलीच ससाणा वर्गाची विनाशिका होती. तिच्यावरची अकरा माणसं गेली. पुढे चौकशी झाली. अपुरा उजेड, लांबचं अंतर, सारखी जहाजं, टेहळ्याचा दोष नाही, असं लिहून फाइल बंद केली. त्याला त्रेचाळीस वर्षं झाली. हे सगळं मला वहिनीने सांगितलेलं. त्याच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं.

आणि आज हा शांतपणे बोलत होता. "तुझी जहाजं चारशेपटीने लहान असतात ना? मग आठ किलोमीटरचे झाले वीस मीटर. आपल्या दाराबाहेरचा कॉरिडॉर मी मोजलाय, एकवीस भरतो. पहाटे तू दोन्हीपैकी एक त्या टोकाला ठेव. कुठलं ते सांगू नको. मी या टोकाला जिन्यापाशी उभा राहून ओळखतो. डोळे आता पहिल्यासारखे झालेत. चुकलो, तर तेव्हाही कुणीही चुकलंच असतं."

"आणि नाही चुकलास तर?"

"तर कळेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हातारपणी सुखाने चार घास खायचे सोडून हे काय काढलंयस? डॉक्टरने डोळे दिले ते जुनं उकरायला?" मी वाट्टेल ते बोलले. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "किती दिवस लागतील?"

बारा दिवस लागले. लांबी जेमतेम वीतभर आणि चार बोटं, पण नाकी नऊ आणले. तोफा काडीएवढ्या, कठडे केसासारखे. दादा रोज शेजारी बसून पट्टी लावायचा. ससाण्याच्या धुरांड्यांत पंचेचाळीस मिलिमीटर, जुळीच्या पस्तीस. एक मिलिमीटर चुकला तर उखडून परत चिकटव म्हणायचा. आणि मी मुकाट्याने चिकटवायचे. मला तेव्हाच समजलं होतं की हा माणूस ओळखणार. आणि ओळखलं की उरलेलं आयुष्य स्वतःला खात बसणार. माझा भाऊ आहे तो. मला हे बघवणार नव्हतं.

म्हणून तो दुपारी झोपायचा तेव्हा मी लपूनछपून तिसरं जहाज केलं. धुरांड्यांमध्ये चाळीस मिलिमीटर. ना धड ससाणा, ना धड जुळी. टोकाला हेच ठेवायचं, म्हणजे त्याचा गोंधळ उडेल. तो एक नाव घेईल, की मी पाठमोरी होऊन पिशवीतून दुसरं जहाज काढून दाखवायचं आणि म्हणायचं, चुकलास बघ. लबाडी होती, चक्क लबाडी. पण मला तिची लाज वाटली नाही.

ठरलेल्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. दादाला तसंच हवं होतं. मी कॉरिडॉरचा दिवा बंद केला, टोकाला एक खोकं पालथं घातलं, मागे राखाडी चादर टांगली आणि जहाज ठेवलं. शेवटच्या दारातले निवृत्त मास्तर पेपर घ्यायला बाहेर आले. "काही हरवलंय का?"

"हो, आमची डोकी. तुम्ही आत जा," मी म्हटलं. बिचारे गेले.

दादाने दुर्बीण लावली. मी खोक्याशेजारी पिशवी धरून उभी. एक मिनिट गेलं, दोन गेली. त्याने दुर्बीण खाली घेतली, सदऱ्याने काच पुसली, पुन्हा लावली.

"ठिणगे," तो तिकडून म्हणाला, "हे काय ठेवलंयस?"

"ते तूच सांगायचंय."

"यातलं एकही नाही हे. ससाण्याला अंतर जास्त हवं, जुळीला कमी. हे मधलंच आहे काहीतरी. असं जहाज कुठल्याच आरमारात नाही."

मी हतबुद्ध झाले. एका बोटाच्या अर्ध्याहूनही कमी फरक, आणि तो त्याने वीस मीटरवरून, अंधुक उजेडात पकडला होता. त्याला सोडवायला गेले आणि पुरावा मीच हातात दिला. खरं जहाज ठेवलं असतं तर निदान नशिबाने बरोबर आलं असं तरी म्हणता आलं असतं.

मी धावत त्याच्याकडे गेले. तो जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला होता.

"दादा, मी फसवलं तुला. पण ऐक. तू त्रेचाळीस वर्षं मनात हेच बघत आलायस, म्हणून आज दिसलं. तेव्हा पोरगा होतास. तीन दिवस धड झोप नव्हती, खाली जहाज हलत होतं. हा कॉरिडॉर हलतो का?"

"नाही हलत," तो म्हणाला. "पण मी आज किती वेळ बघितलं?"

"पाचेक मिनिटं."

"तेव्हा पाच सेकंद बघितलं. अंतर नीट कळलं नव्हतं मला. पुन्हा एकदा बघतो, एवढंच म्हणायचं होतं. कप्तान थांबला असता, चांगला माणूस होता. पण सगळे माझ्याकडे बघत होते. नवखा म्हणून हसतील याची लाज वाटली. म्हणून ठोकून दिलं, जुळी."

"हे चौकशीत सांगितलंस?"

"कुणी विचारलंच नाही. जो तो म्हणायचा, तुझी काय चूक. आई म्हणाली, तुझी वहिनी जन्मभर म्हणाली. आता तू कागद कापून तेच म्हणायला निघालीस." त्याने माझा हात धरला. "तू तरी खरं बोल गं. एकदा कुणीतरी माझ्या तोंडावर बोला."

मला नको नको झालं. आयुष्यात कुणाला काही सुनावताना माझी जीभ कधी अडली नाही, पण हे मला दादाला सुनवायचं होतं. तो वाट बघत होता, लहान मुलासारखा.

"दादा," मी म्हटलं, "चूक तुझी होती. तू पुन्हा बघायला हवं होतंस. तुझ्यामुळे ती अकरा माणसं गेली."

"हो," तो म्हणाला. "माझ्यामुळे गेली."

आणि मग तो रडला. वहिनी गेली तेव्हाही रडला नव्हता, तो माझा भाऊ त्या पायरीवर बसून मोठ्याने, हुंदके देत रडला. मास्तरांनी दार उघडलं, मी हातानेच त्यांना आत जायला सांगितलं. मग त्याच्या शेजारी बसले, आणि त्याला उगी उगी म्हटलं नाही.