ज्याचा हात, त्याची सीट

आमच्या जावईबापूंना गाडीतलं सगळं कळतं, फक्त गाडी कळत नाही. सायलेन्सरमधून फटाके कसे फोडायचे, काचेवर कुठल्या कोपऱ्यात स्टिकर लावायचा, मागचा पंख किती उंच असला म्हणजे शेजारच्याचं पोट दुखतं, हे त्यांना तोंडपाठ. पण धावत्या गाडीला कधीतरी थांबावंही लागतं, ही गोष्ट त्यांच्या कानावर कुणी घातली नसावी.

जावईबापू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. लग्नाआधी तो पडदे विकायचा. लग्नानंतर बाबांनी त्याला गॅरेजमध्ये घेतलं आणि तो आमच्याकडेही पडदेच विकायला लागला.

गॅरेज बाबांचं. लोक आपली धडधाकट गाडी आमच्याकडे आणतात आणि ती आणखी जोरात पळावी म्हणून तिच्यावर आमच्याकडून उद्योग करून घेतात. टर्बो बदलायचा, स्प्रिंगा कडक करायच्या, इंजिनाच्या कॉम्प्युटरला नवे धडे द्यायचे. यातले निम्मे लोक पुढं सिग्नलपाशी उभे राहून नुसता आवाज करतात. उरलेले सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर जातात, तिथं रस्ता मोकळा असतो आणि पोलीस नसतो. इंजिनाचं काम माझं. रोलरवर गाडी बांधायची, ताकद मोजायची, कॉम्प्युटरचे ते धडे म्हणजे मॅप लिहायचा, परत मोजायचं. डोक्यात पांढरे केस दिसायला लागले तेव्हाही मी हेच करत होते, आणि बाबांना अजून वाटतं की आज ना उद्या मी लग्न करून जाईन.

बाबांनी गॅरेजमध्ये एकच नियम केला होता. ज्याचा हात, त्याची सीट. म्हणजे गाडीचं काम ज्यानं केलं, त्यानं पहिल्या पूर्ण वेगाच्या फेरीला मालकाच्या शेजारी बसायचं. बाबा म्हणायचे, शेजारी बसायचंय हे डोक्यात असलं की नट आपोआप नीट आवळला जातो. मी या नियमापायी काय काय भोगलंय! हेल्मेटमध्ये ओकलेय. वळणावर डोळे मिटून घेणारा ड्रायव्हर बघितलाय. एकानं तर सरळ रस्त्यावर रडायला सुरुवात केली, का ते त्यालाच ठाऊक. पण बसले. दर वेळी बसले.

जावईबापू एकदाही बसले नाहीत. एकदा त्यांच्या पाठीत उसण भरली. एकदा नेमका फोन आला, आणि फेरी संपेपर्यंत तो काही संपला नाही. एकदा म्हणाले, आत्ताच जेवलोय. नंतर त्यांना एक कायमचं कारण सापडलं. "मी बाहेरून बघतो ना बाबा. बाहेरून जास्त कळतं." बाबा मान डोलवायचे. मग मीच जाऊन बसायचे, त्यांनी केलेल्या गाडीत, माझ्या हाताने तपासून घेतल्यावर. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे मी बाबांना एकदा नाही, शंभरदा सांगितलं. बाबा म्हणायचे, "अगं, पण गिऱ्हाईक कसं आणतात बघ."

हे मात्र खरं होतं. गिऱ्हाईक आणायचे. त्यातलंच एक म्हणजे फर्निचरच्या दुकानाचा मालक. पाठीमागे आम्ही त्याला सोफा म्हणायचो. माणूस गुबगुबीत, अंगावर सगळं महागाचं, आणि ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवायची सवय. त्याची निळी, दोन दारांची गाडी. जावईबापूंनी ती सुरुवातीपासून स्वतःकडे घेतली. "ताई, या गाडीला तुम्ही हात लावायचा नाही हं," ते मला लाडिक आवाजात म्हणाले. "ही माझी परीक्षा आहे." इंजिनाचा मॅपसुद्धा त्यांनी बाहेरून कुणाकडून तरी तयार आणला. ताकदीचा आकडा मोठा आला. तो त्यांनी गॅरेजच्या भिंतीवर छापून लावला.

परीक्षा म्हणायचं कारण असं की बाबांचे गुडघे गेले होते आणि गॅरेज कुणाच्या हातात द्यायचं ते ठरायचं होतं. ट्रॅकवर जायच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी आम्हा सगळ्यांना चहाला बसवलं. शटरची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली. तिला एक पितळी नट अडकवलेला आहे, मी लहान होते तेव्हापासून.

"उद्या निळी गाडी नीट धावली," बाबा कपात बघत म्हणाले, "की ही जावईबापूंना."

धाकटीनं टाळ्या वाजवल्या. जावईबापूंनी वाकून नमस्कार केला, तोही असा की धाकटीला फोटो नीट यावा. मी म्हटलं, "आणि मी?"

"तू आहेसच की," बाबा म्हणाले.

तू आहेसच की! भिंत असते, जॅक असतो, तशी मी असते. मी चहा तसाच टाकून उठले. आयुष्यभर ज्या जागी राबले, तिथं उद्यापासून मला एक पडदेवाला कामं सांगणार होता. रात्री मी खूप रडले आणि रडता रडता मला येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या जावईबापूंना दिल्या.

सकाळी ट्रॅकवर पोचलो. निळी गाडी उभी होती आणि चाकांच्या आऱ्यांमधून आत लालभडक, हाताच्या पंजाएवढे ब्रेक दिसत होते. वर सोनेरी अक्षरं. शर्यतीच्या गाडीला असतात तसे. मला धक्काच बसला. ताकद वाढवली तर ब्रेकही वाढवायला हवेत, हे या माणसाला सुचलं? मनात आलं, एक काम तरी नीट केलं मेल्यानं. आणि हे वाटल्याबद्दल मला इतका राग आला की मी त्या गाडीकडे पाठ करून उभी राहिले.

सोफा टायर तापवायला एकटाच दोन हलक्या फेऱ्या मारून आला. प्रत्येक वळणाच्या कितीतरी आधीपासून ब्रेक दाबत होता, मागचे लाल दिवे विझतच नव्हते. मग गाडी आमच्यासमोर थांबली. आता पूर्ण वेगाची फेरी.

"बसा, जावईबापू," बाबा म्हणाले.

"बाबा, मी बाहेरून..."

"आज आतून बघा."

जावईबापूंनी कमरेला हात लावला. "काल शटर उचलताना लचक भरली हो. त्या चार पट्ट्यांच्या सीटमध्ये बसलो तर उठताच यायचं नाही. ताई बसतील ना. ताईंना सवय आहे."

"ताईचा हात नाही या गाडीला," बाबा म्हणाले. "राहू द्या. मीच बसतो."

आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी हेल्मेट घेतलं. तो माणूस घरच्या दोन पायऱ्या चढतो तेव्हा मध्ये थांबतो. त्यानं आपला आखडलेला गुडघा दोन्ही हातांनी उचलून त्या खोलगट सीटमध्ये घातला. धाकटी फोन समोर धरून म्हणाली, "बाबा, इकडे बघा, हसा!" आणि जावईबापू? जावईबापूंनी सासऱ्याचे पट्टे स्वतःच्या हाताने आवळले. लचक भरलेली कंबर त्यासाठी छान वाकली.

मला वाटलं, निदान चाकाचे नट तरी बघावेत. मी पुढच्या चाकापाशी बसले. आतून जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. तो लाल ब्रेक खालच्या अंगाला ओघळला होता. लोखंड ओघळत नाही. मी आऱ्यांमधून दोन बोटं घालून ओढलं, आणि तो अख्खा ब्रेक माझ्या हातात आला. पोकळ. नुसतं टरफल. मागं चिकटवायच्या सिलिकॉनचे पांढरे ठिपके. आणि आत, जिथं खरं काम चालतं तिथं, गाडीबरोबर आलेला तोच जुना, कपबशीएवढा ब्रेक, तापून करपलेला. वाढवलेल्या ताकदीपुढं तो एक फेरी टिकला असता, फार तर दीड. मग ब्रेक ऑइल उकळतं, पेडल पायाखाली लोण्यासारखं जमिनीला टेकतं, आणि सरळ रस्त्याच्या टोकाला टायरची भिंत असते.

बोटं भाजली होती. मी तसंच ते टरफल धरून खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"हे काय आहे?" सोफानं विचारलं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. "हे माझे ब्रेक आहेत?"

"यांना विचारा," मी म्हटलं.

जावईबापूंचा चेहरा पडला, पण जीभ शाबूत होती. "ताई, ते दिसण्यासाठी असतं. सगळे लावतात. आत कंपनीचे ब्रेक आहेतच की. कंपनी काय वेडी आहे?"

"म्हणजे गाडी थांबेल?"

"थांबेल म्हणजे काय! थांबणारच."

"मग बाबांना उतरवते. तुम्ही बसा."

"प्रश्न तो नाहीये, ताई."

"तोच आहे. बसा ना. लचक भरली तर मी शेकून देते."

ते बघत राहिले, त्या रिकाम्याही न झालेल्या सीटकडे. धाकटीचा फोन अजून चालू होता. तिनं हळूच विचारलं, "अहो, बसा ना एकदा." माझी बहीण, तिला खरंच वाटत होतं की ते बसतील. जावईबापूंची पाचावर धारण बसली होती. ते एक पाऊल मागे गेले. मग आणखी एक. मग म्हणाले की त्यांना जरा पाणी प्यायचंय, आणि चालू लागले, इतके ताठ आणि भराभर की लचकेचं नावसुद्धा नाही. सोफा गाडीतून उतरून त्यांच्या मागे धावला. त्याला धावताना मी पहिल्यांदाच बघितलं. सासऱ्याला त्या सीटमध्ये बांधताना या माणसाला काहीच आठवलं नव्हतं. स्वतः बसायची वेळ आली तेव्हा मात्र त्याला आपलं काम किती खरं आहे ते लख्ख आठवलं. असल्या माणसाचा मला राग येत नाही. चपलेला काही चिकटलं तर आपण रागावतो का? पुसून टाकतो.

बाबांना मीच ओढून बाहेर काढलं.

परत जाताना गॅरेजची पिकअप मी चालवत होते, बाबा शेजारी. बोटांवर त्यांनी मलम लावून दिलं होतं. अर्धी वाट सरली. मग खिशातून किल्ली काढून त्यांनी गिअरच्या दांड्याशेजारी ठेवली, पितळी नटासकट.

"तूच घे," ते म्हणाले.

या क्षणाची मी किती वर्षं वाट बघितली होती ते माझं मला माहीत. माझे डोळे भरून आले. मी म्हणणार होते, बाबा, आज तुम्हाला काही झालं असतं तर. तेवढ्यात तेच म्हणाले, "सिलिकॉनची नळी बाकावर पडली होती. परवा. ब्रेकच्या कामाला सिलिकॉन कोण घेतं?"

मी पिकअप रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"साधारण."

"आणि तरी काल चहाला बसवून किल्लीचं बोललात?"

"मग काय करायचं? जावई आहे. तोंडावर नाही कसं म्हणायचं? धाकटीला वाईट वाटलं असतं. मला वाटलं, आज ते स्वतःच बसायला नकार देतील, मग आपोआप..."

"त्यांनी दिला नकार. तुम्ही स्वतःच जाऊन बसलात!"

"तू बघशील हे माहीत होतं मला."

"आणि नसतं बघितलं? मी पाठ करून उभी होते, बाबा."

ते सीटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. "मग जावईबापूंना आपली चूक कळली असती," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ज्याच्यासारखं व्हायचं म्हणून मी हाताला कायमचं काळं तेल लावून घेतलं, तो हा माणूस. जावयाला नाही म्हणण्यापेक्षा टायरच्या भिंतीत जाऊन मरणं याला सोपं वाटलं. आणि मला हो म्हणणं तर मरणापेक्षाही अवघड असावं, कारण ते सुचलंच नाही. सकाळपासून मला वाटत होतं की थुंकावं असा माणूस आमच्या घरात एकच आहे.

किल्ली मी उचलली. माझीच होती ती. कुणी दिली म्हणून नाही.

"आजपासून गॅरेज माझं," मी म्हटलं. "आणि तुमचा नियम बंद. कोण कुठं बसतो त्याच्याशी मला देणंघेणं नाही. आता एकच नियम. काही चुकीचं दिसलं, की ज्याला दिसलं त्यानं त्याच जागी तोंड उघडायचं. कुणाचंही काम असो, कुणीही समोर असो. कळलं?"

"कळलं," बाबा म्हणाले.

मी इंजिन सुरू केलं. बाबांनी पट्टा परत लावला, गुडघा चोळला, थोडा वेळ बाहेर बघून विचार केला.

"जावईबापूंसमोरसुद्धा?" त्यांनी विचारलं.