गुलाबी कार्डाचा पिंजरा

त्या सकाळी माझ्या एका हाताचा हातमोजा दुसऱ्या हातात चढला, इतकी घाई. मी प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे सांभाळतो, सगळे मला मामा म्हणतात. आमच्या शास्त्रज्ञ मॅडमच्या सव्वीस आठवड्यांच्या कामाचा निकाल लागायचा होता.

काम असं होतं. काही उंदरांच्या माद्यांच्या अंगात एक जास्तीचं जनुक घातलेलं. त्यांच्या पिंजऱ्यावर गुलाबी कार्ड. त्यांच्या सख्ख्या बहिणी साध्या. त्यांचं कार्ड पांढरं. एका रसायनाची सुई सगळ्यांना एकदाच, सारखीच दिली. जनुकवालींना सहा महिन्यांत गर्भाशयाचा कॅन्सर व्हावा, बहिणींना होऊ नये, असा मॅडमचा अंदाज. तो खरा ठरला, तर औषधं पारखायला दोन वर्षं लागणार नव्हती. खोटा ठरला, तर काम बंद. वरून तसा कागदच आला होता.

टेबलाशी माझी धाकटी मेहुणी, तीही इथेच कामाला. चिरफाडीत तिचा हात धरणारं कोणी नाही, आणि बोलण्यातही नाही.

"भावोजी, श्वास घ्या. परीक्षा उंदरांची आहे."

शांतपणे झोपवलेली गुलाबी कार्डाची पहिली मादी तिने उघडली. गर्भाशय स्वच्छ. दुसरीचं स्वच्छ. पाचही जणी ठणठणीत. मग पांढरं कार्ड. पहिलीतच वाटाण्याएवढी गाठ. पाचही जणींना गाठी.

मॅडम स्टुलावर बसल्या. "सगळं उलटंच निघालं. संपलं काम."

"उरलेले अठरा पिंजरे आहेत की," मेहुणी म्हणाली.

"सुरुवातच अशी असेल तर बाकीचं कोण ऐकून घेणार?"

मी ट्रेपाशी गेलो. लहान असताना प्रत्येकीच्या कानाला भोकं मीच पाडतो. उजव्या कानात एकं, डाव्या कानात दहं. कानाच्या कडेवरून बोट फिरवलं की आकडा कळतो. गुलाबी कार्डाची पहिली कार्डाप्रमाणे एकेचाळीस हवी होती, ती सेहेचाळीस निघाली. पुढची सत्तेचाळीस. पाचही पाहिल्या, मग पलीकडचा ट्रे पाहिला.

"मॅडम, कार्डांची अदलाबदल झालीय."

"कशावरून?"

"कान सांगतायत. एकेचाळीस ते पंचेचाळीस गुलाबी, त्या या पांढऱ्या कार्डाच्या ट्रेमध्ये आहेत. पिंजरे धुताना एक पिंजरा, एक कार्ड, असा नियम आहे. लवकर उरकावं म्हणून मी दोन-दोन उघडायचो. कार्डं मीच उलटी लावली असणार."

मेहुणीने आपल्या नोंदींचा कागद ओढला. "आणि मी कार्डावरचेच आकडे उतरवले. कान बघितलेच नाहीत."

"घरात एकच शहाणं माणूस आहे, ते म्हणजे तुझी ताई," मी म्हणालो.

मॅडम उठल्या. "कानांवर मी विसंबणार नाही. जनुक तपासायला दहाही शेपट्यांचे तुकडे द्या. चिठ्ठीवर फक्त क्रमांक. गाठ कुणाला, हे तपासणाऱ्याला कळता कामा नये."

दुपारपर्यंत यंत्र घरघरत राहिलं. मी तीच फरशी तीनदा पुसली. मेहुणी म्हणाली, "भावोजी, झिजेल ती."

मग मॅडम कागद घेऊन आल्या. आवाज खणखणीत होता. "एकेचाळीस, जनुक आहे. बेचाळीस, आहे. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, आहे. उरलेल्या पाचांत नाही. गाठी बरोबर जिथे हव्यात तिथे."

मेहुणीने माझ्या पाठीत असा धपका घातला की चष्मा नाकावरून घसरला.

मॅडमनी नोंदवही पुढे सरकवली. "काय झालं ते तुमच्या अक्षरात लिहा, मामा. तारीख घाला, सही करा. लपवलेली चूक सगळं बुडवते, लिहिलेली नाही."

मी लिहिलं. सावकाश, पण पूर्ण. सही केल्यावर विचारलं, "आता मला काढणार का?"

"अठरा पिंजऱ्यांतल्या नव्वद जणींचे कान कोण वाचणार मग?" त्यांनी पुढच्या पिंजऱ्याचं कार्ड काढून उलटं ठेवलं. "आधी कान, मग कार्ड. आणा तो इकडे."

मी पिंजरा उचलला. एकच.